एमजीबीचा क्लच बदलताना

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या गाडीची क्लचप्लेट बदलायची, तर आधी इंजिन बाहेर काढावं लागतं. खालून नुसता गिअरबॉक्स उतरवायला जागाच नाही. त्याच काळातल्या ट्रायम्फ स्पिटफायरचा गिअरबॉक्स मात्र सीट आणि मधलं झाकण काढलं की गाडीच्या आतूनच निघतो. दुरुस्ती करणाऱ्याचा विचार करावा तर असा!

म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते बघा. गिअर खरखरत पडत असेल, तर हायड्रॉलिक सिलिंडर गळतोय का ते पाहा. पेडलजवळची पिन झिजून तिचं भोक लांबट झालं, तरी क्लच पुरता सुटत नाही. ही पिन वरच्या वर बदलता येते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, असं असेल तर बहुधा प्लेटच संपलेली असते.

इंजिन उतरवलंच आहे, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. हे बेअरिंग छर्‍यांचं नसून कार्बनची कडी असते. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असली की ही कडी लवकर झिजते. इंजिनाचं मागचं ऑइल सील गळत असेल, तर तेल नव्या प्लेटवर येऊन तीही घसरू लागेल. प्लेट मध्यावर बसवायला जुना गिअरबॉक्स शाफ्ट वापरा. जोडताना गिअरबॉक्सचं वजन प्लेटवर लोंबकळू देऊ नका, ती वाकते.