संगणकाच्या पडद्यासाठी अमूर्त चित्र : एक चित्रकला-पाठ

आपल्या पुष्कळ प्राथमिक शाळांत आता संगणक आलेला आहे. तो सुरू केला म्हणजे विद्यार्थ्यांच्या दृष्टीस प्रथम पडते ते पडद्यावरील पार्श्वचित्र. व्यवहारात त्याला आपण वॉलपेपर म्हणतो. कोठला तरी हिरवा डोंगर, एखादे निळे सरोवर किंवा यंत्र बनविणाऱ्या कंपनीची खूण, असे ते बहुधा असते. मुले ते वर्षभर पाहतात. परंतु असे चित्र आपणही करू शकू, ही कल्पना त्यांच्या मनाला शिवत नाही. फळ्यावरील सुविचार आपण रोज मुलांकडून लिहवून घेतो, भिंतीवरील तक्ते त्यांच्याकडून करवितो, सणाच्या दिवशी दारापुढील रांगोळी त्यांच्याच हातची असावी असा आग्रह धरतो. मग संगणकाचा पडदा तेवढा परक्याच्या हातचा का असावा? प्रस्तुत लेखात, कोणताही खर्च न करता, त्या पडद्यासाठी अमूर्त चित्र कसे तयार करावे आणि त्यातून मुलांना काय शिकवावे, याचा विचार केला आहे.

अमूर्त चित्र म्हणजे काय?

ज्या चित्रात माणूस, झाड, घर अशी ओळखू येणारी वस्तू नसते. रेषा, आकार, रंग आणि मोकळी जागा यांच्या परस्परसंबंधातूनच ज्याचा परिणाम साधतो, ते अमूर्त चित्र होय. हे नाव अवघड वाटले तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. घरातील गोधडी पाहावी. जुन्या लुगड्याचा कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी शोभेल, हे ठरविताना घरातील आजी अमूर्त चित्रकाराचेच काम करीत असते. गोधडीकडे पाहून ‘हे कशाचे चित्र आहे?’ असे कोणी विचारीत नाही. तरीही ती चांगली जमली आहे की नाही, हे सर्वांना कळते.

या चित्रप्रकाराचा प्राथमिक शिक्षकाशी किती निकटचा संबंध येऊ शकतो, याचे एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विख्यात चित्रकार सैयद हैदर रझा यांचा जन्म 1922 साली मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया या खेड्यात झाला. लहानपणी त्यांचे चित्त अभ्यासात स्थिर होत नसे. तेव्हा त्यांच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडेच पाहत बसण्यास सांगितले. पुढे रझा नागपूर व मुंबई येथे चित्रकला शिकले, 1950 साली फ्रान्सला गेले. परंतु तो ठिपका त्यांच्या मनातून गेला नाही. उत्तरायुष्यात ‘बिंदू’ हाच त्यांच्या चित्रांचा केंद्रविषय झाला. खेड्यातील एका शिक्षकाने भिंतीवर काढलेला ठिपका जगातील मोठमोठ्या चित्रसंग्रहांपर्यंत पोहोचला, ही गोष्ट आपणा सर्वांना धीर देणारी आहे.

दुसरे उदाहरण वासुदेव गायतोंडे यांचे. 1924 साली नागपूर येथे जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले हे चित्रकार कुंचल्याऐवजी रंग पसरविण्याचा रूळ आणि पात्याचे साधन वापरीत. रंगाचा एक थर द्यावा, काही भाग पुसून किंवा उचलून घ्यावा, पुन्हा दुसरा थर द्यावा, अशी त्यांची पद्धत होती. संगणकावर आपण जे करणार आहोत तेही थरांवर थर देण्याचेच काम आहे.

साधन कोणते वापरावे?

चित्रे तयार करण्याची विकतची साधने महाग असतात. त्यांच्या बेकायदा प्रती सहज मिळतात, परंतु विद्यार्थ्यांसमोर अशी प्रत वापरणे म्हणजे चोरीचा वस्तुपाठ देणे होय. वर्गात प्रामाणिकपणाचा पाठ शिकवावयाचा आणि संगणकावर त्याच्या उलट वागावयाचे, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही. सुदैवाने ‘जिंप’ हे उत्तम साधन विनामूल्य व कायदेशीर रीतीने उपलब्ध आहे.

अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी 1995 साली या साधनाची रचना आरंभिली आणि 1996 साली ते लोकांस खुले केले. ते दोघे विद्यापीठातून बाहेर पडल्यावरही काम थांबले नाही. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी ते पुढे चालविले. त्याची तिसरी मोठी आवृत्ती मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या परवान्याखाली ते दिले जाते, त्यानुसार ते कोणीही वापरावे, त्याची प्रत दुसऱ्यास द्यावी, जाणकाराने त्यात सुधारणाही करावी, अशी मुभा आहे. म्हणजे शेजारच्या शाळेस पेनड्राइव्हवर प्रत दिली तर तो अपराध नसून उपकारच होय. एकदा संगणकात बसविल्यावर त्यास इंटरनेटची गरज लागत नाही, ही सोयही आपल्या शाळांच्या दृष्टीने लहान नाही.

कल्पना कोठून घ्यावी?

अमूर्त चित्र म्हणजे मनास येईल तसे फासलेले रंग नव्हेत. त्यास निरीक्षणाचा आधार असावा. पारनेर तालुक्यातील शिक्षकांना हा आधार घरच्या घरी आहे. निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे सर्वांनी पाहिलेले असतात. पात्रातील काळ्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांत व खाचांत दगडगोटे अडकले. पाण्याच्या भोवऱ्याने ते गरगर फिरत राहिले. आणि असंख्य वर्षांच्या घासण्याने खडकात रांजणासारखे खोल, गुळगुळीत खळगे तयार झाले. येथे सरळ रेषा जवळजवळ नाही. सर्वत्र वळणे, कडा, एकात एक शिरलेली वर्तुळे आणि त्यांतील गडद सावल्या आहेत. या खळग्यांचे एक छायाचित्र मुलांना दाखवावे आणि विचारावे : येथे पाणी कोणत्या दिशेने फिरले असेल? सर्वांत गडद भाग कोणता? कोणत्या कडेवर ऊन पडले आहे? प्रत्यक्ष सहल न्यावयाची झाल्यास ती पावसाळ्यात नेऊ नये आणि मुलांना खळग्यांच्या कडेशी जाऊ देऊ नये.

आपल्याला खळग्यांचे हुबेहूब चित्र काढावयाचे नाही. पाण्याचे फिरणे, खडकाचा गडदपणा आणि कडेवरील प्रकाश, एवढेच त्यातून उचलावयाचे आहे. बाकीचे सोडून देणे, हाच या पाठाचा गाभा आहे.

कृती

1. नवीन चित्र घेणे. जिंप उघडून ‘फाईल’ या यादीतील ‘न्यू’ निवडावे. रुंदी 2400 व उंची 1350 पिक्सेल घालावी. पिक्सेल म्हणजे पडद्यावरील रंगाचा सर्वांत लहान ठिपका. पडद्याचे प्रचलित माप 1920 गुणिले 1080 पिक्सेल असते; आपण कागद मुद्दाम मोठा घेत आहोत, म्हणजे शेवटी नको तो भाग कापून टाकता येईल.

2. छायाप्रकाशाच्या घड्या पाडणे. ‘डी’ ही कळ दाबली की काळा व पांढरा हे दोन रंग निवडले जातात. नंतर ‘जी’ ही कळ दाबून ‘ग्रेडियंट’ हे साधन घ्यावे. एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणारा पट्टा ते भरते. त्याच्या पर्यायांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारा पट्टा निवडावा आणि ‘मोड’ या ठिकाणी ‘डिफरन्स’ ठेवावे. आता माउसने चित्रावर एक रेघ ओढावी व ‘एंटर’ दाबावे. असे पाचसहा वेळा, प्रत्येक वेळी निराळ्या दिशेने करावे. ‘डिफरन्स’ म्हणजे वजाबाकी : खालचा व वरचा रंग यांतील अंतर तेवढे दिसते. त्यामुळे वस्त्राला पडाव्यात तशा उजळ व गडद घड्या दिसू लागतात.

3. भोवरा देणे. ‘फिल्टर्स’ या यादीतील ‘डिस्टॉर्ट्‌स’ या गटात ‘व्हर्ल अँड पिंच’ आहे. त्यातील ‘व्हर्ल’चा अंश 90 ते 180 यांच्या दरम्यान ठेवावा. चित्राच्या मध्याभोवती सर्व घड्या पिळल्या जातात. कुकडीच्या पाण्याने जे केले त्याचीच ही छोटी प्रतिकृती आहे, असे मुलांना सांगितले म्हणजे ती चटकन समजते.

4. रंग देणे. पुढचा रंग गडद, खडकासारखा निळसर काळा घ्यावा. मागचा रंग पिकल्या ज्वारीसारखा फिकट पिवळा घ्यावा. ‘ग्रेडियंट’च्या यादीत पुढच्या रंगापासून मागच्या रंगापर्यंत जाणारा पट्टा निवडलेला आहे, याची खात्री करावी. नंतर ‘कलर्स’ या यादीतील ‘मॅप’ गटामधून ‘ग्रेडियंट मॅप’ निवडावे. काळ्याच्या जागी गडद रंग, पांढऱ्याच्या जागी फिकट रंग आणि मधल्या छटांच्या जागी त्यांचे मिश्रण येते.

5. दुसरा थर देणे. ‘लेअर’ या यादीतून थराची दुसरी प्रत करावी. ‘फिल्टर्स’मधील ‘ब्लर’ गटातील ‘गॉसियन ब्लर’ने ती प्रत अंधूक करावी, आकडा 25 च्या आसपास ठेवावा. थराचा ‘मोड’ ‘स्क्रीन’ करून त्याची ‘ओपॅसिटी’ म्हणजे दाटपणा 40 पर्यंत उतरवावा. कडांवर मंद उजेड पसरल्यासारखा दिसतो.

6. कापणे. ‘क्रॉप’ या साधनाने 1920 गुणिले 1080 एवढाच भाग ठेवावा. डावी बाजू राखून उजवीकडचा भाग कापला, तर भोवरा चित्राच्या मध्यापासून थोडा उजवीकडे येतो आणि डावीकडे मोकळी जागा राहते. पडद्यावरील खुणा बहुधा डावीकडेच असतात. त्या या शांत भागावर स्पष्ट वाचता येतात. वॉलपेपर हे भिंतीवर टांगावयाचे चित्र नसून ज्यावर काम करावयाचे अशी पाटी आहे, हे येथे विसरू नये.

7. जतन करणे. ‘सेव्ह’ केल्यास चित्र जिंपच्या स्वतःच्या, ‘एक्ससीएफ’ या प्रकारात राहते. त्यात थर सुटे राहत असल्याने पुढे बदल करता येतात. पडद्यावर लावण्यासाठी ‘फाईल’मधील ‘एक्स्पोर्ट ॲज’ वापरून ‘पीएनजी’ प्रकारची प्रत काढावी.

आवृत्तीनुसार एखादे नाव यादीत थोडे वरखाली आढळेल. त्याने गोंधळून जाऊ नये. चूक झाल्यास ‘कंट्रोल’ व ‘झेड’ या कळा एकत्र दाबल्या की मागील कृती रद्द होते.

वर्गात पाठ कसा घ्यावा?

एक संगणक आणि तीस मुले, ही अडचण आपल्याकडे नेहमीची आहे. म्हणून आरंभ कागदावर करावा. रंगात बुडविलेला दोरा घडी केलेल्या कागदात ठेवून ओढण्याचा खेळ मुलांना माहीत असतो. त्यातून भोवऱ्याची व घड्यांची कल्पना येते. नंतर पाच-पाच मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाने दोन रंग आणि भोवऱ्याचा अंश आधी चर्चा करून कागदावर लिहावा, आणि मगच संगणकाशी यावे. दर आठवड्यास एका गटाचे चित्र पडद्यावर लावावे.

गणिताचा संबंधही सहज जोडता येतो. 1920 गुणिले 1080 म्हणजे 20,73,600 ठिपके. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी 256 पायऱ्या. म्हणून एकूण रंग 256 गुणिले 256 गुणिले 256, म्हणजे 1,67,77,216. वरच्या वर्गातील मुलांना हा गुणाकार करावयास द्यावा. एवढ्या रंगांतून आपण दोनच का निवडले, हा प्रश्नही मग विचारावा.

चित्र पाहताना ‘हे काय आहे?’ असे विचारू नये. नजर प्रथम कोठे जाते? कोणता भाग शांत वाटतो? यातील काय काढून टाकले तर चित्र सुधारेल? असे प्रश्न विचारावेत.

एक सावधगिरी

या साधनात शेकडो करामती आहेत आणि एकीवर एक चढविण्याचा मोह मुलांना होतो, मोठ्यांनाही होतो. त्यातून निघते ती गर्दी. म्हणून भोवरा, रंग आणि मंद उजेड या तीन बदलांपलीकडे पहिल्या पाठात जाऊ देऊ नये. हल्ली तोंडाने सांगताच चित्र तयार करून देणारी यंत्रेही निघाली आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करण्याचे कारण नाही. यंत्र छटा भरील; परंतु कोणती ठेवावी आणि कोणती टाकावी, हे ठरविण्याचा सराव मुलाला स्वतःच करावा लागतो.

प्रत्येक वर्गात काही मुले अशी असतात की, चित्रकलेचा तास आला की ‘मला चित्र येत नाही, गुरुजी’ म्हणून वही मिटतात. घोडा गाढवासारखा दिसला म्हणून कोणी तरी कधी तरी हसलेले असते. अमूर्त चित्रात तशी चूक नसते. तेथे निवड असते, आणि निवड प्रत्येकास करता येते. अशा मुलास प्रथम संगणकापुढे बसवावे. त्याने निवडलेले दोन रंग सोमवारी सकाळी साऱ्या शाळेसमोर पडद्यावर उजळतील, त्या दिवशी तो आपली वही पुन्हा उघडील. शिक्षकाने एवढे साधले तरी या पाठाचे सार्थक झाले.