हरिकेन पॉइंटवरून गाविलगड

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली, आणि तेव्हापासून अमरावतीच्या बैठकींत सुट्टीचा विषय निघाला की बोलणे मुंबईवर न थांबता थेट कॅरिबियन बेटांपर्यंत जाऊ लागले आहे. निळे पाणी आणि पांढरी वाळू यांखेरीज तेथे पाहण्यासारखे काय, असे एका स्नेह्याने मला परवा विचारले. मी म्हटले, डोंगर पाहा, कॉफीचे मळे पाहा, गड पाहा. आणि ते पाहण्याची दृष्टी यावी म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दोन दिवस चिखलदऱ्यास राहून या.

या उत्तरामागे वऱ्हाडचा अभिमान आहेच. परंतु चिखलदरा आणि ती दूरची बेटे यांना जोडणारा एक खरा धागाही आहे. चिखलदऱ्याच्या पठारावर, गाविलगडासमोर, हरिकेन पॉइंट नावाची जागा आहे. हरिकेन हा शब्द आमच्या पिढीने प्रथम ऐकला तो कंदिलाच्या नावात: तिन्हीसांजेला आई राखेने काच पुसून, वात कातरून तो ओसरीच्या खुंटीला अडकवीत असे, आणि वारा कितीही सुटला तरी तो विझत नसे. मूळ शब्द मात्र कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. स्पॅनिश खलाशांनी तो त्यांच्याकडून घेतला, इंग्रजांनी स्पॅनिशांकडून, आणि इंग्रजी अमलाबरोबर तो सातपुड्याचा घाट चढून वर आला. ज्यांच्या मुखातून तो निघाला, त्या ताइनोंचा समाज स्पॅनिश राजवटीत साथीच्या रोगांनी व वेठबिगारीने जवळजवळ नामशेष झाला; त्यांच्या वादळाचे नाव आज आपल्या दरीच्या काठावर आहे, हे मला तेथे उभे राहिल्यावर प्रत्येक वेळी आठवते.

वादळाचा वऱ्हाडशी संबंध एवढ्यावर संपत नाही. १७९५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांचे एक मोठे आरमार वेस्ट इंडीजकडे निघाले, आणि त्यात ३३ व्या पलटणीचा तरुण लेफ्टनंट कर्नल आर्थर वेलस्ली होता. वादळाने ते आरमार माघारी लोटले. पुन्हा निघाले, तेव्हा कित्येक आठवडे समुद्रात हेलकावे खाऊन जहाजे १७९६ च्या आरंभी पुन्हा इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. त्या काळी कॅरिबियन बेटांवर पीतज्वराने गोऱ्या शिपायांचे हजारोंनी बळी जात होते. वेलस्लीचा तिकडचा हुकूम रद्द होऊन हिंदुस्थानचा निघाला, आणि १७९७ च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्यास उतरला. पुढे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात त्याने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन रघूजी भोसल्यांचा कटकचा मुलूख गेला. ते वादळ झाले नसते तर वेलस्ली कोठे असता, आणि गाविलगडाचा किल्लेदार बेनीसिंग त्या दिवशी धारातीर्थी पडला असता काय, हा विचार माझा पिच्छा सोडीत नाही.

म्हणून गाविलगडाला अर्धा दिवस तरी द्यावा, आणि तो पायी पाहावा. शार्दूल दरवाजावरील शार्दूल, हत्ती आणि गंडभेरुंड बारकाईने न्याहाळावेत, आणि मग उत्तरेच्या तटाकडे जावे. कारण वेलस्ली दक्षिणेकडून हूल देत असता कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने डोंगरांतून वाट फोडीत अवजड तोफा ओढून आणल्या त्या याच बाजूने. कॅरिबियनला जाणाऱ्याने सेंट किट्स बेटावरील ब्रिमस्टोन हिलचा किल्ला असाच पाहावा: तो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी बांधला, आणि १९९९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. समुद्रकिनारा त्या बेटाचे रूप दाखवील, त्याची कहाणी मात्र त्या किल्ल्यात आहे.

कॉफीचेही तसेच. १७२० च्या दशकात फ्रेंचांनी मार्टिनिक बेटावर कॉफीचे रोप नेले, त्याच दशकात ते जमैकात गेले, आणि तेथील ब्लू माउंटनची कॉफी जगभर नावाजली. सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या आपल्या चिखलदऱ्यातही कॉफीची झाडे आहेत, आणि वऱ्हाडातल्या कित्येकांनी ती पाहिलेली नाहीत, याची मला खंत वाटते. दिवाळीच्या सुमारास आपण ज्या सीताफळाची वाट पाहतो, त्याचे मूळही त्याच पश्चिमेकडच्या उष्ण प्रदेशातले. गवळ्यांकडची रबडी मात्र सर्वस्वी येथलीच. जाड साय पळीला धरून सुटत नाही अशी, पानाच्या द्रोणात घेऊन उभ्यानेच खावी.

दरीवरच्या स्कायवॉकची चर्चा गेली कित्येक वर्षे चालू आहे. तो सुखाने व्हावा. पण त्यावर उभे राहून छायाचित्र काढणाऱ्यांपैकी दहांत एकाने तरी समोरच्या गडावर पाऊल ठेवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. श्रावणात हरिकेन पॉइंटवर गेलात, तर पहिला तासभर धुक्याखेरीज काहीच दिसणार नाही. कपडे ओले होतील, कणीस भाजणाऱ्याचा विस्तव दोनदा विझेल. थांबावे. मग दरीतून वारा वर येतो, धुके मधोमध फाटते, आणि काळ्या तटाचा एक लांबच लांब तुकडा घटकाभर हवेत तरंगत राहतो.