पांढरकवडा ते हाँगकाँग: सर हेन्री पॉटिंजरचे दोन करार

 

पेशवाईचा शेवट म्हटलं की आपल्याला पुणं, खडकी, कोरेगाव आठवतं. पण 1818 च्या एप्रिलमध्ये दुसरा बाजीराव पळत पळत आपल्याच जिल्ह्यात आला होता. पांढरकवड्याच्या भागात इंग्रज फौजेनं त्याला गाठून हरवलं आणि जूनमध्ये तो माल्कमला शरण गेला. आता जिंकलेला मुलूख सांभाळायचा कोणी? एल्फिन्स्टननं काही तरुण अधिकारी निवडले. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, ज्याच्या वाट्याला आलं तो कॅप्टन हेन्री पॉटिंजर. आजचा भाग त्याच्यावर.

पॉटिंजरचा जन्म 1789 चा, बेलफास्टजवळचा. घराणं अँग्लो-आयरिश, म्हणजे मूळ इंग्रज, पण पिढ्यान् पिढ्या आयर्लंडमध्ये राहिलेलं. पोरवयातच तो हिंदुस्थानात आला आणि इथल्या भाषा शिकला. 1810 मध्ये तो आणि त्याचा साथीदार ख्रिस्टी वेषांतर करून बलुचिस्तानातून इराणपर्यंत गेले. सांगायचं काय, तर आम्ही मुंबईच्या घोडेव्यापाऱ्याची माणसं! वाटा, पाणी, टोळ्या, सगळं टिपून घेतलं. 1816 मध्ये त्याचं पुस्तकही आलं. कंपनीसाठी ते नुसतं प्रवासवर्णन नव्हतं, तयार नकाशाच होता.

नगरनंतर तो कच्छला गेला आणि तिथून सिंधचं राजकारण बघू लागला. इथे येतो पहिला करार.

1832 मध्ये त्यानं सिंधच्या अमिरांशी करार केला. सिंधू नदी आणि रस्ते व्यापारासाठी खुले, पण लष्करी सामान आणि लढाऊ जहाजं आणायची नाहीत. स्पष्ट लिहिलेलं. सातच वर्षांनी अफगाण युद्धासाठी इंग्रज फौज त्याच सिंधमधून गेली, आणि अमिरांना ते सांगायचं काम पॉटिंजरकडेच होतं! 1840 मध्ये तो बॅरोनेट झाला. बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरेनं चालणारी 'सर' ही पदवी. बापानंतर मुलाकडे जाते, पण तिच्यामुळे लॉर्डांच्या सभागृहात जागा मिळत नाही.

1843 मध्ये नेपियरनं सिंध गिळलं, तेव्हा मात्र पॉटिंजरनं उघड टीका केली. इंग्रजांच्या शब्दाला हा डाग आहे, असं त्याचं म्हणणं होतं. ते खरंच आहे. पण त्या डागाची सुरुवात झाली तेव्हा तो स्वतः तिथेच होता ना?

आता दुसरा करार. 1841 मध्ये त्याला चीनला पाठवलं. अफूचं युद्ध सुरू होतं. 29 ऑगस्ट 1842 ला नानकिंगजवळ एचएमएस कॉर्नवॉलिस जहाजावर सह्या झाल्या. हे सागवानी जहाज कुठलं? आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, 1813 चं. हाँगकाँग इंग्रजांना मिळालं, पाच बंदरं खुली झाली, आणि चीननं 2 कोटी 10 लाख डॉलर द्यायचे ठरले. त्यातले 60 लाख जप्त केलेल्या अफूचे.

आणि पुढच्या अफूचं काय? करारात एक शब्द नाही. ना बंदी, ना परवानगी. व्यापार चालूच राहिला, आणि 1858 मध्ये, दुसऱ्या युद्धाच्या काळात, तो कायदेशीरही झाला.

याच व्यापारात, अफू आणि कापूस चीनला पाठवून, मुंबईचे जमशेटजी जीजीभाई श्रीमंत झाले. 1842 मध्येच ते 'सर' झाले आणि 1857 मध्ये पहिले भारतीय बॅरोनेट. जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं ते त्यांच्या दानातून. म्हणजे हा इतिहास काही फक्त चीनचा नाही.

पॉटिंजर हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला, मग केप कॉलनीचा, नंतर मद्रासचा. 1856 मध्ये माल्टात वारला. हाँगकाँगमध्ये त्याच्या नावाचा दगडी पायऱ्यांचा रस्ता आजही आहे.

माझं काम सॉफ्टवेअरचं. न वाचता 'मान्य आहे'वर क्लिक करणारी माणसं रोज बघतो, मीही त्यातलाच. आमचे आजोबा मात्र कापसाची पट्टी हातात आली की वजन, भाव बघायचे आणि मग विचारायचे, "यात काय नाही लिहिलं?" सिंधमध्ये लिहिलेलं पाळलं नाही, चीनमध्ये मुद्द्याचं लिहिलंच नाही. सही दोन्हीकडे एकाच माणसाची.

तुमच्याकडे कापसाच्या जुन्या पट्ट्या असतील तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!