दोन 'डॉन' आणि बिचारा विजय

हा आपल्या कालच्या भागाचा लिखित अवतार. लोकलमध्ये आवाज नीट येत नाही, हेडफोन घरी विसरला, किंवा वाचायलाच जास्त आवडतं, अशा सगळ्यांसाठी. बोलताना मी जिथे फाटे फोडले ते इथे छाटलेत, बाकी मुद्दे तेच आहेत.

आधीच सांगतो, पुढे स्पॉयलर आहेत. १९७८ चा 'डॉन' आणि २००६ चा 'डॉन', दोघांचेही शेवट मी उघड करणार आहे. पाहिले नसतील तर आधी बघा, मग या. हा लेख कुठे पळून जात नाही.

रीमेकचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "जुना भारी की नवा?" आणि मग अमिताभ विरुद्ध शाहरुख अशी मॅच सुरू होते. ती मॅच मी आज लावणार नाहीये. मला त्याहून इंटरेस्टिंग वाटतं ते हे, की जवळपास सारखीच गोष्ट सांगून दोन सिनेमे आपल्याला अगदी उलट्या बाजूला नेऊन कसे सोडतात. त्यासाठी एकच प्रश्न धरून चालायचं: कोणाला, काय, कधी माहीत असतं?

सांगाडा एकच

गोष्ट थोडक्यात अशी. डॉन हा गुन्हेगारी जगतातला बडा माणूस. पोलीस अधिकारी डिसिल्वा त्याच्या मागावर. पाठलागात डॉन जखमी होतो आणि मरतो. डिसिल्वा ही बातमी दाबून ठेवतो, कारण त्याला हुबेहूब डॉनसारखा दिसणारा एक साधा माणूस सापडलेला असतो: विजय. गाणं-नाच करून पोट भरणारा, दुसऱ्याची मुलं स्वतःची म्हणून सांभाळणारा. मुलांच्या शिक्षणाची सोय होईल या आशेवर विजय डॉन बनून टोळीत शिरतो. डॉन खरंच मेलाय आणि आत गेलेला माणूस विजय आहे, हे फक्त डिसिल्वाला ठाऊक. आणि मग डिसिल्वाच गोष्टीतून जातो.

इथपर्यंत दोन्ही सिनेमे हातात हात घालून चालतात. रोमा आहे, भावाच्या खुनाचा सूड घ्यायला टोळीत शिरलेली. जसजीत आहे, डिसिल्वावर डूख धरून असलेला. टोळीचा सगळा कच्चाचिठ्ठा ज्यात आहे अशी वस्तू आहे: १९७८ मध्ये डायरी, २००६ मध्ये डिस्क. आणि बनारसी पानाचं ते गाणं दोन्हीकडे आहे.

जुना डॉन: आपल्याला सगळं माहीत आहे

१९७८ चा 'डॉन' मुळात अडचणीतून बाहेर पडायला काढलेला सिनेमा. निर्माते नरिमन इराणी हे व्यवसायाने छायाचित्रकार. 'जिंदगी जिंदगी' आपटला आणि ते कर्जात बुडाले. ते कर्ज फिटावं म्हणून ओळखीतल्या मंडळींनी मिळून हा घाट घातला. चंद्रा बारोट यांचं दिग्दर्शन, सलीम-जावेद यांची पटकथा. सिनेमा पूर्ण व्हायच्या आतच इराणींचं अपघातात निधन झालं. मे १९७८ मध्ये सिनेमा लागला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तमिळमध्ये रजनीकांतचा 'बिल्ला' आला, तोही याच गोष्टीवर.

आता पटकथेकडे बघा. डॉन मेला, हे आपण डोळ्यांनी बघतो. विजयला कसं तयार केलं, तेही बघतो. म्हणजे पुढे जेव्हा पोलीस विजयला डॉन समजून पकडतात, तेव्हा थिएटरमधल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माहीत असतं की हा बिचारा निर्दोष आहे. पडद्यावरच्या पोलिसांना तेवढं माहीत नसतं.

हिचकॉक याच फरकावर बोलायचा. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितलं आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत बसली, तर तोच प्रेक्षक कितीतरी वेळ खुर्चीच्या टोकावर बसून राहतो. पहिल्या प्रकाराला आश्चर्य म्हणू, दुसऱ्याला उत्कंठा. जुना 'डॉन' विजयच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचा आहे.

हा पण तिथेही एक पत्ता लपवलेला आहेच. इंटरपोलचा अधिकारी म्हणून वावरणारा मलिक हाच खरा व्हिलन वरदान निघतो. म्हणजे व्हिलनचं गुपित आपल्यापासून लपवलंय, हिरोचं नाही. ही वाटणी मला फार हुशारीची वाटते. हिरोबद्दल आपल्या मनात शंका नाही, त्यामुळे आपली माया पूर्ण त्याच्यावर.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला डिसिल्वाच्या मरण्याचा प्रसंग बघताना दरवेळी एकच गोष्ट दिसते: अख्खी सिस्टिम एका सर्व्हरवर, बॅकअप शून्य. विजय हा विजय आहे याची नोंद फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे. तो माणूस गेला, नोंद गेली. आता विजय कितीही ओरडला तरी उपयोग नाही. पोलिसांच्या लेखी तो डॉन. टोळीला मात्र कळलेलं असतं की हा डॉन नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. आणि पुरावा काय, तर एक डायरी, जी हातोहात फिरतेय.

म्हणून मी म्हणेन की जुना 'डॉन' वरून गँगस्टरचा सिनेमा असला तरी आतून तो एका गरीब माणसाचा आहे, ज्याला "मी मीच आहे" हे सिद्ध करता येत नाही. रेशनकार्डावर नाव चुकलं म्हणून, ओटीपी जुन्या नंबरवर जातो म्हणून, अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नाही म्हणून खिडकीसमोर उभं राहिलेल्या कुणालाही ती घुसमट ओळखीची वाटेल. शेवटी कब्रस्तानातल्या मारामारीत वरदान डायरी जाळतो, आणि विजय सांगतो की जळाली ती खोटी होती. तिथे शिट्ट्या पडतात त्या विजयला त्याचं नाव परत मिळालं म्हणून.

नवा डॉन: तुमच्या आठवणीचाच वापर

आता २००६. दिग्दर्शक फरहान अख्तर, म्हणजे मूळ पटकथा लिहिणाऱ्या जोडीतल्या जावेद अख्तर यांचा मुलगा. गाणी लिहिली स्वतः जावेद यांनी. घरचीच गोष्ट, घरातच परत हातात घेतलेली. मुंबईच्या जागी क्वालालंपूर, पेट्रोनास टॉवर्स, चकचकीत गाड्या.

फरहानपुढे मोठा पेच होता. थ्रिलरचा रीमेक करायचा, पण गोष्ट घराघरात पाठ आहे. मग रहस्य उरणार कुठे?

त्याने काढलेली वाट समजण्यासाठी कॅश म्हणजे काय ते सांगतो. पैसे नव्हेत, ब्राउझरची कॅश. एखादं पान तुम्ही एकदा उघडलं की ब्राउझर त्याची प्रत जवळ ठेवतो. पुढच्या वेळी मूळ सर्व्हरला न विचारता तीच प्रत दाखवतो. काम पटकन होतं, पण सर्व्हरवर मजकूर बदलला असेल तर तुम्ही जुनंच वाचत बसता.

नवा 'डॉन' बघताना आपलं डोकं नेमकं हेच करतं. मलिक नावाचा अधिकारी आला की १९७८ ची प्रत उघडते: "हाच तो, हाच वरदान!" ओम पुरी पडद्यावर दिसले की आपण त्यांच्याकडे संशयाने बघणार. आणि बोमन इराणीचा डिसिल्वा? तो तर मूळचा सज्जन, त्याच्याबद्दल प्रश्नच नाही. प्रत्यक्षात इथे मलिक सरळ माणूस आहे आणि डिसिल्वाच वरदान आहे. विजयचा एकमेव साक्षीदार मेलेला नाही, तो मुळात साक्षीदार नव्हताच. त्याला टोळी स्वतःच्या ताब्यात हवी होती.

लोक इथेच "वा, काय ट्विस्ट!" म्हणून सैल बसतात. आणि खरा धक्का तर अजून यायचा असतो. अगदी शेवटच्या मिनिटांत कळतं की आपण ज्याला विजय समजत होतो तो पूर्ण वेळ डॉनच होता. डिसिल्वाचा बेत त्याने हॉस्पिटलमध्येच ऐकला आणि विजयची जागा घेतली. 'डॉन' म्हणून जो मेला, तो विजय होता. रोमाला हे उमगतं ते जंगली मांजरीच्या एका उल्लेखावरून. ते बोलणं डॉनचं असतं, विजयचं नव्हे.

हा धक्का बसतो, कारण शाहरुखचा चेहराही एक कॅश आहे. 'बाजीगर' आणि 'डर' त्याने १९९३ मध्ये केले होते खरे, पण २००६ पर्यंत तो सगळ्यांचा लाडका प्रेमवीर झाला होता. त्याचा साधाभोळा विजय आपण तपासून न बघता मान्य करतो.

मग किंमत कोणी मोजली?

इथपर्यंत ऐकून वाटेल की नवा जिंकला. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. डोकं चालवण्यात नवा सिनेमा पुढे आहे, यात वाद नाही. नुसती चकचकीत झेरॉक्स काढून विकता आली असती, ती त्याने काढली नाही. दुसऱ्यांदा बघाल तर जणू वेगळाच सिनेमा दिसतो: प्रत्येक केविलवाणी नजर आता अभिनय वाटते. एका तिकिटात दोन सिनेमे म्हणा ना.

पण आता माझा मूळ प्रश्न परत घ्या, कोणाला काय कधी माहीत. विजय मेला हे आपल्याला सिनेमा संपताना कळतं. म्हणजे त्याच्यासाठी वाईट वाटायला वेळच ठेवलेला नाही. ज्या माणसाने एका पोरासाठी जीव धोक्यात घातला, तो हॉस्पिटलच्या खाटेवर दुसऱ्याच्या नावाने मेला. त्याच क्षणी पडद्यावर डॉन ऐटीत निघालेला असतो आणि थिएटर टाळ्या वाजवत असतं. आपण कोणासाठी टाळ्या वाजवतोय? ज्याने विजयला संपवलं त्याच्यासाठी.

दीपूचंही बघा. २००६ मध्ये विजयने सांभाळलेला हा एकच मुलगा, आणि त्याला त्याचा खरा बाप मिळतो. पण ज्याने त्याला सांभाळलं त्याचं काय झालं, याचा हिशोब सिनेमा देत नाही. २०११ मध्ये 'डॉन २' आला, तो नावाप्रमाणे डॉनचाच.

मी याला सिनेमाची चूक म्हणणार नाही. फरहानने जाणूनबुजून गोष्टीचा मालक बदलला. जुनी गोष्ट विजयची होती, डॉन तिच्यात येऊन जातो. नवी गोष्ट डॉनची आहे, विजय तिच्यात वापरला जातो. एकदा हे दिसलं की नव्या सिनेमाचा तो थंड, काचेसारखा लूकही पटतो. काही जणांना तो "बिनहृदयाचा" वाटला होता. बरोबरच आहे की! त्यातल्या एकमेव हृदयवाल्या माणसाला त्याने मध्यंतराच्या कितीतरी आधीच मारलेलं आहे.

पुढचा रीमेक बघाल तेव्हा

तर "जुना भारी की नवा" ऐवजी हे तीन प्रश्न खिशात ठेवा.

एक, रीमेकने उत्तर बदललंय की फक्त कपडे? २०१७ च्या 'इत्तेफाक'नेही १९६९ च्या सिनेमाचं उत्तर बदललं होतं. ते काय, हे सांगत नाही, बघा.

दोन, प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त माहीत आहे की कमी? जास्त असेल तर जीव टांगणीला लागतो. कमी असेल तर धक्का बसतो. दोन्ही चालतं, पण एक वाढवलं की दुसरं बहुतेक कमी होतं.

तीन, आणि माझ्यासाठी सर्वात महत्त्वाचा: ट्विस्टचं बिल कोणाच्या नावावर फाडलंय? थ्रिलरमध्ये कोणीतरी फसतं, कोणीतरी मरतं, ते चालायचंच. पण सिनेमा त्या माणसाकडे एकदा तरी वळून बघतो का?

या वीकेंडला दोन्ही 'डॉन' पाठोपाठ बघा, जुना आधी. नव्याचा शेवट झाल्यावर, टाळ्या वाजवून झाल्यावर, दीपूला ही गोष्ट तुम्ही कशी सांगाल याचा एकदा विचार करा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. एका मिनिटाच्या आत ठेवा रे, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!