शेजारच्या दातांचा कैवार

पडलेल्या दाताच्या जागेचा आढावा इट्रुस्कनांच्या सोन्याच्या पट्ट्यांपासून सुरू करायची रीत आहे; ती मी सोडतो. 1960 नंतर धातूवर पोर्सलेन चढवलेले ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेले खोटे दात, रूढ झाले, पुढे झिर्कोनिया आलं. साहित्य बदललं, पण शेजारचे दोन धडधाकट दात चहूबाजूंनी घासून त्यांवर कॅप चढवायची सवय सुटली नाही. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी 2002 साली वजन करून दाखवलं, की पुढच्या दातावर पूर्ण कॅप बसवायची तर त्याच्या हिरडीवरच्या भागातलं 63 ते 72 टक्के द्रव्य घासून जातं. एकदा गेलेलं एनॅमल परत येत नाही.

आधाराच्या दातांच्या मुळांचं क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांपेक्षा कमी नसावं, हा अँटेचा 1926 सालचा नियम आम्ही दंतवैद्यांनी पाठ केला. पण 1982 साली स्वीडनमधल्या नीमन आणि एरिकसन यांनी हाड बरंच झिजलेल्या पण हिरड्या निरोगी राखलेल्या तोंडांतही मोठे ब्रिज टिकतात हे दाखवलं. मात्र लांबीचं गणित पक्कं आहे: ब्रिजचा गाळा दुप्पट केला की वाकणं आठपट होतं.

माझा जीव आहे तो चिकटवलेल्या ब्रिजवर. ब्युनोकोर यांनी 1955 साली एनॅमल आम्लाने खरखरीत केलं की त्यावर चिकटवता येतं हे दाखवलं. 1973 साली रोशेट यांनी छिद्रं पाडलेली धातूची पट्टी दातांना मागून चिकटवली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मेरिलंडमध्ये लिव्हाडिटिस आणि थॉम्पसन यांनी तो धातूच सूक्ष्म कोरून खरखरीत केला. तेव्हा सगळे दोन्ही शेजारच्या दातांवर पंख, म्हणजे अशी पट्टी, चिकटवत. पण चावताना दोन दात दोन दिशांना हलतात; एक पंख सुटतो, दुसरा धरून ठेवतो. रुग्णाला काही कळत नाही आणि सुटलेल्या पंखाखाली कीड लागते. म्हणून पंख एकच हवा. तो सुटला तर खोटा दात हातात येतो, पुन्हा चिकटवता येतो. जर्मनीत कील इथे माथियास केर्न यांनी पूर्ण सिरॅमिकच्या अशा ब्रिजांचा पाठपुरावा केला: दहा वर्षांनी एकपंखी 94.4 टक्के टिकले, दोनपंखी 73.9.

जन्मतःच वरचा बाजूचा पटाशीचा दात नसलेली मुलगी समोर बसली, की आधी प्लास्टरच्या मॉडेलवर मेणाचा दात बसवावा. मग कार्बन पेपर चाववून पाहावं: दाताच्या मागे पंखाला जागा आहे का, जबडा बाजूला सरकवल्यावर खोट्या दातावर ठिपका उमटतो का. उमटला तर तो स्पर्श काढायचाच. पंख आणि खोटा दात यांचा जोड निदान 3 मिलीमीटर उंच ठेवावा. हे सगळं दात घासायचा हॅंडपीस हाती घेण्याआधी.

'चिकटवलेलं टिकत नाही' असं व्यासपीठांवरून ठासून सांगणारे इम्प्लांट किंवा पूर्ण कॅप, एवढेच दोन मार्ग ओळखतात. ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवलं, त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण सोळा वर्षांच्या वाढत्या जबड्यात इम्प्लांट बसवणं चूकच. शेजारचे दात वाढीबरोबर खाली उतरतात, इम्प्लांट तिथेच राहतो. दुसरी खंत मेणाच्या कामाची: आता तोंडाचा स्कॅन लॅबला जातो आणि ब्रिज कसा असावा हे रुग्णाचं तोंड न पाहिलेला माणूस ठरवतो. नवे पदवीधर मेण हातात धरत नाहीत, याचं मला फार दुःख होतं.

वाचकहो, डॉक्टर 'ब्रिज करू' म्हणाले, की शेजारचे दात घासायच्या आधी त्यांना विचारा: कोणता दात घासणार, किती, आणि न घासता काम होणार नाही का?