गॅट्सबीचे वेळापत्रक

मी साहित्याचा पंडित नव्हे. कामगारांच्या सभांतून बोलणारा माणूस. वाचनाची गोडी लागली ती रात्रशाळेत. तरी आज एका कादंबरीविषयी बोलणार आहे. अमेरिकन लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड याची १९२५ साली निघालेली ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही ती कादंबरी.

नॉर्थ डकोटातील गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ सतराव्या वर्षी नाव बदलून जे गॅट्सबी होतो. पुढे सैन्यात असताना डेझी या धनिककन्येवर त्याचे मन जडते. ती लग्न करते एका श्रीमंताशी. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात गॅट्सबी चोरट्या दारूवर अमाप पैसा करतो, लाँग आयलंडवर डेझीच्या घरासमोर खाडीपलीकडे वाडा घेतो आणि रात्री तिच्या धक्क्यावरील हिरव्या दिव्याकडे पाहत उभा राहतो.

डेझी भेटतेही. पण पाच वर्षे ज्या डेझीचा ध्यास घेतला ती त्याच्या मनातच होती. हाडामांसाच्या बाईने तिची बरोबरी करावी कशी?

या स्वप्नाची किंमत कोणी मोजली? त्या बंगल्यांच्या आणि न्यूयॉर्कच्या मध्ये राखेचा उजाड पट्टा आहे. तेथे विल्सन हा गरीब मोटारदुरुस्तीवाला राहतो. त्याची बायको गॅट्सबीच्या मोटारीखाली मरते. मोटार चालवीत असते डेझी. दोष आपल्या माथी घ्यायला गॅट्सबी तयार होतो. डेझीचा नवरा विल्सनला गॅट्सबीचेच नाव सांगतो. विल्सन गॅट्सबीला गोळी घालतो, स्वतःलाही संपवितो. डेझी नवऱ्याबरोबर गाव सोडून जाते. मेजवान्यांना शेकडो लोक येत; अंत्यविधीला मूठभर.

त्या मूठभरांत म्हातारा बाप असतो. मुलाने १९०६ साली एका पुस्तकात लिहिलेले वेळापत्रक तो दाखवितो: सहाला उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, बचत, आईवडिलांशी नीट वागणे.

येथे मी वाचता वाचता थांबलो. असेच वेळापत्रक मीही खोलीच्या भिंतीवर चिकटविले होते. स्वतःला घडविणे हे पाप नव्हे. पण गॅट्सबीच्या यादीत सोबती कोणीच नव्हता, आणि पुढे ती सारी मेहनत त्याने एका दिव्यावर ओवाळून टाकली. माझ्या कागदावर मात्र पुढे एक ओळ वाढली: रविवारी युनियनची सभा. त्या ओळीने मी मोठा झालो असे नाही. पण माझ्या मयतीला चार माणसे तरी येतील.