नायिकेला देवीचे रूप

अ‍ॅनिमेतील, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमधील, नायिकेला हिंदू देवीच्या रूपात दाखवणारे चित्र दोन चित्रपरंपरांच्या मेळातून तयार होते. चेहरा, केस आणि पोशाखाचे रंग जपानी चित्रपटातले असतात. हात, आयुधे, वाहन, आसन आणि मागची प्रभावळ देवीच्या मूर्तीतली. चित्रपटाचे किंवा मालिकेचे चाहते हौसेने अशी चित्रे काढतात, त्यांना ‘फॅन आर्ट’ म्हणतात. या चित्रांचा कस रंगकामात लागत नाही. नायिकेच्या हाती काय दिले आणि ते का दिले, यावर चित्र तरते किंवा फसते. पालघर जिल्ह्यात हा विषय आणखी खोल जातो, कारण इथे देवीचे चित्र काढण्याच्या दोन अगदी निराळ्या रीती शेजारी शेजारी नांदतात.

देवीच्या मूर्तीत कोणतीही वस्तू केवळ शोभेसाठी नसते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. तुळजाभवानी अष्टभुजा आणि महिषासुरमर्दिनी आहे. वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात आहेत. देवीमाहात्म्यातील कथेनुसार महिषासुराच्या वधासाठी प्रत्येक देवाने आपले काही ना काही देवीला दिले: शंकराने त्रिशूळ, विष्णूने चक्र, वरुणाने शंख, वायूने धनुष्य, इंद्राने वज्र, हिमालयाने सिंह. म्हणजे देवीच्या हातातले आयुध तिचा इतिहास सांगते. हे लक्षात न घेता नायिकेला चार हात चिकटवले आणि एकात त्रिशूळ, दुसऱ्यात कमळ दिले, तर ती देवीच्या वेशातली बाहुली होते. अशा चित्रांची संख्या मोठी आहे आणि ती पाहून विसरलीही जातात.

ज्या देवीरूपाची नक्कल चाहते सहसा करतात, ते मंदिरातल्या दगडी मूर्तीचे नसून छापील तसबिरीचे असते. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत चित्रे छापण्याचा कारखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कमळावर उभी लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती या छापांमुळे घरोघरी पोचल्या. रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकारांनी कॅलेंडरांतून हा वारसा मराठी घरांत आणखी रुजवला. या चित्रांत देवी समोर पाहते. तिची नजर आणि भक्ताची नजर भिडली की दर्शन घडते, म्हणून डोळे हे तसबिरीचे केंद्र असते. अ‍ॅनिमेच्या चेहऱ्यातही डोळे मोठे आणि नाक-ओठ नाममात्र असतात. या दोन शैली एकमेकींत सहज मिसळतात त्याचे एक कारण हेच आहे. अडचण येते ती छटांची. कॅलेंडरातल्या देवीचा गाल आणि दंड हलक्या छायाप्रकाशाने गोलाई घेतात, अ‍ॅनिमेत सपाट रंगाला ठळक रेषेची कड असते. चित्रकाराला यातली एक वाट निवडावी लागते. अर्धवट मिश्रण डोळ्यांना खुपते.

जपानला देवी नवीन नाहीत. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे सरस्वती तिथे पोचली आणि बेंझाइतेन झाली. तिच्या हाती वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य आले. तिचे शस्त्रधारी अष्टभुज रूपही तिथे पूजले जाते, एनोशिमा बेटावर तशी मूर्ती आहे. लक्ष्मी तिथे किचिजोतेन म्हणून ओळखली जाते. नारा शहरातील याकुशिजी मंदिरात तिचे आठव्या शतकातले चित्र आहे, त्यात ती चीनच्या तांग दरबारातील स्त्रीच्या वेशात दिसते. देवीने परक्या देशाचा पेहराव घेणे, हे बाराशे वर्षांपूर्वी घडून गेलेले आहे.

आधुनिक काळातला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे युगो साको यांचा 1992 चा रामायणावरील अ‍ॅनिमे चित्रपट. त्याचे दिग्दर्शन साको, कोइची सासाकी आणि मुंबईचे ज्येष्ठ अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांनी केले, संगीत वनराज भाटियांचे होते. राम देव असल्यामुळे त्याची भूमिका माणसाने करण्यापेक्षा त्याला चित्रातून दाखवणे उचित, अशी साको यांची भूमिका होती. सुरुवातीला भारतातून विरोध झाला आणि अयोध्येच्या वादाच्या त्या काळात भारत सरकारने या निर्मितीत सहभाग घेतला नाही. पुढे काम झाले ते भारतीय आणि जपानी कलावंतांच्या सहकार्याने. 24 जानेवारी 2025 रोजी हा चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. त्यातली सीता अ‍ॅनिमेच्या रेषेत आहे आणि तरीही ती सीताच वाटते, कारण वेशभूषा, दागिने, उभे राहण्याची ढब यांवर मेहनत घेतलेली आहे.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे अ‍ॅनिमेकडून देवीकडे, समजून घेण्यासाठी हायाओ मियाझाकी यांच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (1997) या चित्रपटातली सान ही नायिका उत्तम आहे. तिला मोरो नावाच्या लांडग्यांच्या देवीने वाढवले आहे. लोखंड गाळणाऱ्या वस्तीपासून जंगल वाचवण्यासाठी ती लढते. तिच्या गालांवर लाल खुणा आहेत, खांद्यावर पांढरी लोकर आहे, चेहऱ्यावर लाल मुखवटा चढतो आणि हाती भाला व सुरा असतो. पांढऱ्या लांडग्यावर स्वार झालेली सान पाहताच सिंहावर बसलेली दुर्गा आठवते, आणि अनेक चित्रकार तिथेच थांबतात. वास्तविक विचाराला तिथून सुरुवात व्हायला हवी. लांडगे सानचे आईभाऊ आहेत. त्यांना केवळ वाहन म्हणून पायाखाली बसवले तर तिची कथाच बदलते. त्यांची जागा देवीच्या बरोबरीने, खांद्याला खांदा लावून. हाती त्रिशूळ देण्याचे कारण नाही, तिचा स्वतःचा सुरा आणि भाला पुरेसा आहे. तिसऱ्या हातात मुखवटा, चौथ्या हाताने अभयमुद्रा, तीही माणसांना नव्हे, झाडांना. देवीभोवती गण असतात तिथे चित्रपटातले कोदामा हे छोटे वृक्षात्मे येतील. जंगलाचा देव असलेल्या हरणाची शिंगे प्रभावळीच्या जागी पसरतील. असे चित्र पाहणाऱ्याला चित्रपट माहीत नसला तरी ही रानाची राखण करणारी देवी आहे, एवढे कळेल.

अशा चित्राला पालघरमध्ये आधार सापडतो. वारली समाजात वाघदेव पूजला जातो. लाकडी फळीवर वाघ, सूर्य, चंद्र कोरून तो रानात उभा केलेला असतो, आणि वाघबारशीला त्याची पूजा होते. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवदेवतांचे मुखवटे चढवून सोंगे नाचवतात, त्यांत देवी आणि महिषासुराची सोंगेही असतात. मुखवटा घातलेला माणूस त्या घटकेला देवच मानला जातो. सानच्या लाल मुखवट्याला याहून जवळचा शेजार मिळणे कठीण.

देवीचे चित्र काढण्याची दुसरी रीत इथल्या भिंतींवर आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, पालघर या भागांत वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहितात. शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सुवासिनी तो काढतात. चौकटीच्या आत पालघट देवी असते. ती झाडपाल्याची, सुफलतेची देवी. तिच्याविना लग्न लागत नाही. धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालवणारी स्त्री, गाणी म्हणून देवाला बोलावते. शेजारी सूर्य, चंद्र, फणी, शिडी, घोड्यावरचे दैवत अशी चित्रे येतात. देवीचे शरीर त्रिकोणांचे, आणि चेहऱ्यावर डोळे, नाक, ओठ यांपैकी काहीच नाही. कॅलेंडरातली देवी भक्ताकडे पाहते, पालघट कोणाकडेच पाहत नाही. ती बघण्यासाठी काढलेली नसून लग्न घडवण्यासाठी काढलेली असते. चौकाचे काम लग्नापुरते असते. ते चित्र म्हणजे विधीचाच एक भाग.

म्हणून वारली शैलीत अ‍ॅनिमेची नायिका काढताना एक मर्यादा पाळावी लागते. वारलीची त्रिकोणी माणसे, झाडे, तारपा या वाद्याभोवतीचा नाच ही चित्रे 1970 च्या दशकापासून कागदावर आणि कापडावर काढली जात आहेत. गंजाडजवळच्या कलंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांनी ती जगभर नेली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. या शैलीत नवे विषय येणे हे आता रोजचे आहे. पण लग्नचौकाच्या चौकटीत पालघटाच्या जागी एखादी नायिका बसवणे ही निराळी गोष्ट आहे. तसबिरीतल्या देवीचा साज नायिकेला चढवला तर जुन्या चित्राला नवी आवृत्ती मिळते. चौकात तिला बसवले तर कुणाच्या तरी लग्नाचा विधी रिकामा होतो. हा फरक बाहेरच्या चित्रकारांच्या लक्षात येत नाही, आणि जिल्ह्यातल्या चित्रकारांनी तो ठासून सांगायला हवा.

जपानशी इथले नाते जुने आहे. निइगाता प्रांतातील तोकामाची इथे तोकिओ हासेगावा यांनी 1982 मध्ये मिथिला संग्रहालय सुरू केले. मधुबनीच्या चित्रांबरोबरच तिथे वारली चित्रेही जमवली गेली आणि वारली कलावंतांनी तिथे राहून मोठी चित्रे काढली. म्हणजे अ‍ॅनिमेच्या देशात पालघरची रेषा आधीच पोचलेली आहे, तीही तिच्या मूळ हातांनी.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी पुरतात. अ‍ॅनिमेतील पात्रांचे हक्क निर्मात्यांकडे असतात. स्वतःसाठी हौसेने चित्र काढणे आणि त्याचे टी-शर्ट छापून विकणे यांत मोठा फरक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली धार्मिक भावना दुखावण्याचा हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला प्रयत्न गुन्हा ठरतो. श्रद्धेने, अभ्यासाने काढलेले चित्र या कलमात बसत नाही; देवीच्या रूपात नायिकेला उथळ, उघडीवाघडी दाखवणारे चित्र मात्र कायदा बाजूला ठेवला तरी वाईटच.

देवीचित्राच्या दोन्ही रीती जिल्ह्यात शेजारी आल्या त्या अशा: 1969 मध्ये तारापूरला अणुवीजकेंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसर परिसरात देशाच्या अनेक भागांतली कुटुंबे येऊन राहिली. त्यांच्या घरांत देवी छापील तसबिरीतून आहे, आणि तिथून पूर्वेला गेले की पाड्यांवरच्या लग्नघरांच्या भिंतींवर पालघट आहे. इथल्या ज्या मुलामुलींना सान किंवा दुसरी कोणतीही नायिका देवीरूपात काढायची असेल, त्यांनी कागद हाती घेण्याआधी एकदा गंजाडला जावे, तिथल्या वारली चित्रकारांजवळ बसावे आणि कोणते चित्र कागदावर येते नि कोणते भिंतीवरच राहते, हे त्यांनाच विचारावे.